नाईट करून आलेला माणूस

नाईट करून आलेला माणूस दिवसभर घरात दिसतो, म्हणजे तो मोकळा आहे, असा आमच्या दाभोळ खाडीच्या पट्ट्यात पक्का समज आहे. तलाठ्याकडनं सातबारा आणायचाय, तो जाईल. सिलिंडर संपलाय, तो आणेल. भावकीची बैठक, बँकेत पासबुक भरणं, म्हातारीला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेणं, सगळं त्याच्याच खाती. 'तू हायस ना घरी' म्हटलं की वाद संपतो, कारण तो घरी असतोच. दिवसपाळीवाल्याला मध्यरात्री उठवून कोणी सिलिंडर आणायला धाडत नाही. नाईटवाल्याची मध्यरात्र सकाळी अकराच्या सुमाराला असते, आणि नेमकी तीच जगाची कामाची वेळ.

मी लोट्याच्या एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत ऑपरेटर म्हणून नोकरी काढली. सात ते तीन फर्स्ट, तीन ते अकरा सेकंड, अकरा ते सात नाईट. दर आठवड्याला पाळी बदल. कंपनीच्या बसमध्ये माझ्यासारखेच बसलेले असायचे: रात्री रिॲक्टरपाशी आणि सकाळी चिखलात. पगार कंपनीचा, भात घरचं. कोकणातला कारखान्याचा कामगार पुरता कामगार झालाच नाही. तो शेतकरी राहून वर पाळ्या करतो, आणि त्याच्या झोपेचा प्रश्न तिथेच सुरू होतो. झोप लागत नाही म्हणून डॉक्टरकडे गेलं की चौकशी बिछान्याची होते: उशी कशी, किती वाजता आडवे होता, मोबाइल बघता का. त्याआधीच्या बारा तासांत हा माणूस कुठल्या उजेडात होता, बसला होता की चालत होता, जेवला कधी, हे क्वचितच कोणी विचारतं. माझ्या मते झोप तिथेच ठरते.

लोट्यातले माझ्या पिढीचे बरेच ऑपरेटर बीएस्सी केमिस्ट्री. मीही त्यातलाच. त्यामुळे झोपेशी जोडलेलं मेलाटोनिन हे संप्रेरक शरीर कसं बनवतं ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी मनापासून दाद दिली. ट्रिप्टोफॅन हे डाळीतलं, दुधातलं, मासळीतलं अमिनो आम्ल. त्याचं सिरोटोनिन होतं. सिरोटोनिनवर एक ॲसिटिलेशन, त्यावर एक मेथिलेशन, की झालं मेलाटोनिन. हेच दोन टप्पे प्लांटवर करायचे म्हटलं तर ॲसेटिक ॲनहायड्राइडचा डोळ्यांत पाणी आणणारा वास, डायमिथाइल सल्फेटसारखं जीवघेणं रसायन, तोंडावर मास्क, हातात वर्क परमिट, रिॲक्टरभोवतीच्या जॅकेटमधून अखंड थंड पाणी. मेंदूच्या मधोमध बसलेली सात-आठ मिलीमीटरची पिनियल ग्रंथी हे काम सदतीस डिग्रीला, रोज रात्री, विनापरमिट करते. तिच्या अटी दोनच: शरीराच्या घड्याळात रात्र हवी आणि डोळ्यांपुढे अंधार. ॲसिटिलेशन करणारं जे एन्झाइम आहे ते उजेड डोळ्यांत शिरला की काही मिनिटांतच मोडीत निघतं, हे उंदरांवरच्या प्रयोगांत स्वच्छ दिसलं आहे. रक्तात आधी गेलेला मालही तासाभरात निम्म्यावर येतो. साठा ठेवायची सोय नाही.

हे द्रव्य सापडलं त्याची गोष्ट मजेची आहे. १९५८ साली येल विद्यापीठात ॲरन लर्नर यांनी गुरांच्या पिनियल ग्रंथींतून ते वेगळं काढलं. लर्नर त्वचारोगतज्ज्ञ. त्यांना झोपेशी काही घेणं नव्हतं. ज्या अर्कानं बेडकाची कातडी फिकट पडते त्यातलं नेमकं द्रव्य ते शोधत होते, कोडावर उपाय निघतो का बघावं म्हणून. पुढे चाळीस वर्षांनी, १९९८ साली, डोळ्यातल्या ज्या रंगद्रव्यामुळे शरीराला उजेडाचा हिशेब लागतो त्या मेलानॉप्सिनचा पहिला पत्ता लागला, तोही बेडकाच्याच कातडीत. मृगात रात्रभर डराव डराव करून अख्ख्या वाडीची झोप मोडणाऱ्या प्राण्याकडून झोपेच्या शास्त्रावर एवढे उपकार व्हावेत!

डोळ्याच्या पडद्यात मेलानॉप्सिन असलेल्या पेशी थोड्याच असतात. त्यांचं मुख्य काम चित्र दाखवणं नव्हे, उजेड मोजणं. निळसर उजेड, म्हणजे उघड्या आकाशाचा, त्यांना सगळ्यात जास्त टोचतो. त्यांची खबर जाते मेंदूतल्या वीसेक हजार पेशींच्या एका पुंजक्याकडे, म्हणजे शरीराच्या मुख्य घड्याळाकडे, आणि तो पुंजका पिनियलला चालू-बंद करतो. मेलाटोनिन माणसाला गोळीसारखं झोपवतं असं सरसकट लिहिलं जातं, पण घरातला उंदीर बघा: तो रात्रभर तांदळाच्या डब्यामागे जागा असतो आणि त्याच्याही रक्तात मेलाटोनिन रात्रीच चढतं. ते फक्त वर्दी देतं की रात्र झाली. त्या वर्दीवर उंदरानं बाहेर पडायचं आणि माणसानं आडवं व्हायचं, हे ज्याचं त्यानं ठरवलेलं आहे.

दिवसा वावरणाऱ्या माणसात ही वर्दी झोपायच्या दोनेक तास आधी सुरू होते, दोन ते चारच्या दरम्यान भरात असते. अंगाचं तापमान पहाटे चार-पाचला तळाला जातं. मग अंगाला जागेपणासाठी तयार करणारं कॉर्टिसॉल हे संप्रेरक चढू लागतं आणि जाग आल्यावर अर्ध्याएक तासात त्याचा कळस होतो. हे वेळापत्रक मला लॉगशीटवर दिसायचं. दर तासाला रकाना भरायचा: तापमान, दाब, व्हॅक्यूम, ॲजिटेटरचे, म्हणजे ढवळणीच्या यंत्राचे, अँपिअर. बाराचे, एकचे आकडे सुबक. तीनच्या रकान्यात सात आणि एक यांतला फरक पुसट व्हायला लागलेला. चारच्या रकान्यात आकडा ओळ सोडून खाली उतरलेला, पेनाचं टोक तिथेच टेकून राहिल्यानं शाईचा ठिपका फुगलेला. सहानंतर अक्षर पुन्हा सरळ. माणूस कुठलाही असो, ठिपका चारच्या आसपासच. भोपाळची रात्र, चेर्नोबिलच्या अणुभट्टीची १ वाजून २३ मिनिटं, अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंड अणुकेंद्राची पहाटेची चार. या अपघातांची कारणं झोपेपलीकडची आणि कितीतरी मोठी होती, हे खरंच. पण केमिकल प्लांटवर नाईट केलेला माणूस या वेळा वाचतो तेव्हा त्याला तो ठिपका आठवतो.

माझा एक मावसभाऊ कोकण रेल्वेत ट्रॅकमन होता. पावसाळ्यात दरडीच्या भागात रात्रंदिवस गस्त असते. खांद्यावर थैली, थैलीत रुळावर लावायचे पटाखे, हातात दिवा, अंगावर रेनकोट, आणि रूळ संपेपर्यंत पाऊस. तोही रात्रपाळीवाला, मीही. पण त्याची रात्र चालण्याची आणि अंधाराची. माझी खुर्चीची आणि ट्यूबलाइटची. लक्स हे उजेडाचं माप; कंट्रोल रूमचा उजेड ढोबळमानानं तीनशे लक्स धरा. पौर्णिमेचं चांदणं पाव लक्सच्या आसपास भरतं, आणि श्रावणात तेही नाही. म्हणजे त्याच्या पिनियलला रात्रभर फारशी कोणी आडकाठी केली नाही, माझीला केली. चालत्या माणसाला चार वाजताही डुलकी काढायची सोय नसते, बसलेल्याला असते. सकाळी घरी आला की भाकरी खाऊन तो पडायचा तो दुपारी दोनपर्यंत घोरायचा. माझे डोळे दहाला टक्क उघडे. एका मावसभावावरून सिद्धांत मांडायचा नसतो हे मला कळतं. तो लहानपणापासून झोपाळूच होता, शाळेत बाकावर झोपायचा.

तरी अंगमेहनतीचा शरीराच्या घड्याळाशी संबंध आहे, हे आता प्रयोगांनीही दाखवलं आहे. उजेडाइतका तिचा जोर नाही. पण दिवसा वावरणाऱ्या माणसात सकाळचे आणि भरदुपारचे कष्ट घड्याळ अलीकडे, म्हणजे लवकरच्या वेळेकडे, ओढतात, रात्री उशिराचे पलीकडे, म्हणजे उशिराकडे, ढकलतात. पहाटेनंतर डोळ्यांत शिरणारा सकाळचा उजेडही घड्याळ अलीकडेच ओढतो. आता लावणीच्या दिवसांतला नाईटवाला बघा. रात्रभर दिव्याखाली बसून त्याचं घड्याळ जरा पलीकडे सरकायला लागलेलं असतं. साताला गेटबाहेर पडतो, बसच्या खिडकीतून कोवळं ऊन तोंडावर. आठला घरी, चहा, दोन भाकऱ्या, आणि 'तरवा काढून ठेवलाय, चार दांड झाले की झोप जा' असं आई म्हणते म्हणून शेतात. आषाढातला दिवस काळवंडलेला वाटतो, पण ढगाआडचा उजेडही हजारो लक्सचा असतो. कंट्रोल रूम त्याच्यापुढे कोठीची खोली ठरते. वरून उजेड, खाली चिखळणीची मेहनत, पोटात भाकरी. तिन्हींकडून एकच सांगणं: दिवस उजाडला. मग बाराला पाय धुऊन तो आडवा होतो तेव्हा अंग मोडून आलेलं असतं, पण रक्तात कॉर्टिसॉल दिवसाचं आणि मेलाटोनिन जवळजवळ शून्य. दमलेल्या माणसाला झोप लागलीच पाहिजे, हा आपल्याकडचा आवडता समज. झोप लागते, पण टिकत नाही. अडीच-तीन तासांत घामानं जाग येते, आणि लोक म्हणतात, 'झाली की झोप.'

उलट उदाहरण उत्तर समुद्रातल्या तेलफलाटांचं. तिथल्या रात्रपाळीवाल्यांच्या लघवीतलं मेलाटोनिनचं शिल्लक रूप मोजून पाहिलं तर बऱ्याच जणांचं घड्याळ आठवड्याभरात रात्रपाळीशी जुळलेलं निघालं. जमिनीवर कायम नाईट करणाऱ्यांतही असं पुरतं जुळणारे फार थोडे. फलाटावर काम संपलं की दोन जिने उतरून माणूस अंधाऱ्या खोलीत पोचतो. घरी जायचा रस्ता नाही, सकाळचं ऊन नाही, तलाठी नाही, तरवा नाही. शास्त्रज्ञ हे उजेडाचं उदाहरण म्हणून सांगतात. मला ते घरापासून सुटलेल्या माणसाचंही वाटतं.

आमच्या घरात अंधार करणं हे एक प्रकरणच होतं. घर जांभ्याचं, वर मंगलोरी कौलं, आणि माजघराच्या छपरात मधोमध एक काचेचं कौल. वडलांनी हौसेनं बसवलेलं. त्या कौलातून उन्हाची पावलाएवढी चौकट सकाळी भिंतीवर पडायची, नवाला खुंटीवरच्या शर्टावर, दहाला माझ्या पायांवर, अकराला तोंडावर. खाट सरकवली तर ती तासाभरानं तिथेही यायची. शेवटी छपरावर चढून मी काचेवर पत्र्याचा तुकडा ठेवला आणि वर चिरा. आई तीन दिवस बोलली नाही. तिचंही बरोबर होतं: माजघरात दिवसा सुईत दोरा ओवायला तेवढाच उजेड होता, आणि भर दिवसा घर काळोखं ठेवणं तिला अशुभ वाटायचं. तोड बायकोनं काढली. तिनं पत्र्याला भोक पाडून सुतळी बांधली आणि ती आत सोडली; मी नाईटला असलो की पत्रा काचेवर, नसलो की बाजूला. पावसाळ्यात सुतळी कुजायची, ती बदलायची.

बायकोबद्दल इथे लिहिलंच पाहिजे. फर्स्टला तिनं पहाटे चारला उठून डबा केला, सेकंडला रात्री बारा वाजता मासळीचं कालवण पुन्हा गरम करून ताट वाढलं, नाईटला दिवसभर पोरांना आणि कोंबड्यांना हाकलत बसली. पाळी तिचीही दर आठवड्याला फिरत होती. तिच्या कॉर्टिसॉलचं काय होत होतं याची चौकशी कंपनीच्या वार्षिक तपासणीत कोण करणार? पाळीकामगारांवर एवढं संशोधन झालं, त्यांच्या बायकांवर झालेलं माझ्या वाचनात नाही.

आता पाळ्या फिरण्याबद्दल. आमच्याकडे त्या उलट्या फिरायच्या: नाईटनंतर सेकंड, सेकंडनंतर फर्स्ट, फर्स्टनंतर नाईट. माणसाचं आतलं घड्याळ चोवीस तासांपेक्षा काही मिनिटांनी लांब असतं, सरासरी चोवीस तास दहा मिनिटांच्या आसपास. म्हणून त्याला उशिरा सरकणं सोपं जातं, लवकर सरकणं जड. अमेरिकेत युटामधल्या ग्रेट सॉल्ट लेकच्या काठच्या एका खनिज कारखान्यात चार्ल्स झाइस्लर आणि सहकाऱ्यांनी अशाच उलट्या पाळ्या सरळ करून पाहिल्या, बदलही दर आठवड्याऐवजी तीन आठवड्यांनी केला. कामगार खूश झाले, उत्पादन वाढलं. हे १९८२ साली छापून आलं. मी ते युनियनच्या मीटिंगमध्ये मांडलं, तर आपलीच माणसं अंगावर आली. त्यांचं गणित साधं होतं. उलट्या फेऱ्यात फर्स्ट शनिवारी तीनला सुटते आणि नाईट सोमवारी अकराला लागते: सलग छप्पन्न तास. गावी जाऊन यायचं, वई बांधायची, पालखी नाचवायची, सगळं त्यात बसतं. सरळ फेऱ्यात नाईट रविवारी सकाळी सुटते आणि सोमवारी सातला फर्स्ट: चोवीस तास, तेही झोपण्यात जाणार. कायद्यानं तेवढंच पुरायचं. तेव्हाच्या, १९४८ च्या कारखाना अधिनियमात रात्रपाळीवाल्याची सुट्टी म्हणजे पाळी संपल्यापासूनचे सलग चोवीस तास असंच लिहिलेलं होतं. मॅनेजमेंटला कशाचंच सोयरसुतक नव्हतं. ठराव पडला. पाळ्या उलट्याच राहिल्या, आणि मला आजही मतदान चुकलं असं छातीठोक म्हणता येत नाही. छप्पन्न तास फार असतात.

खाडीच्या तोंडाशी डोलीनं, म्हणजे प्रवाहात लावायच्या पिशवीसारख्या जाळ्यानं, मासेमारी करणाऱ्यांची गत निराळी. त्यांचं घड्याळ चंद्र चालवतो. तिथीला पाऊणानं गुणलं की भरतीची ढोबळ वेळ निघते: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. म्हणजे जाळं लावायची आणि ओढायची वेळ रोज पाऊणेक तास पुढे जाते, कधी मागे येत नाही, आणि एका रात्रीत आठ तासांची उडी कधीच मारत नाही. सूर्य मात्र चोवीस तासांवरच असतो, त्यामुळे त्यांचीही ओढाताण होतेच, आणि खलाशाची झोप सुखाची असते असं म्हणायची माझी हिंमत नाही. पण उधाणाच्या दिवसांत डोलीवाला भर दुपारी होडीच्या सावलीत पडलेला असला तर त्याला उठवून कोणी सिलिंडर आणायला पाठवत नाही. त्याच्या झोपेला भरती-ओहोटीचं कारण आहे, गावाला ते मान्य आहे. कंपनीच्या भोंग्याला ती मान्यता अजून मिळालेली नाही.

खाण्याचं थोडक्यात सांगतो. रात्री तीनला कॅन्टीनमध्ये गरम वडे यायचे आणि ते न खाणं अपमानास्पद होतं. पण यकृताला, स्वादुपिंडाला आपापली घड्याळं असतात, आणि ती जेवणाच्या वेळेवर लागतात. रात्री तीच साखर रक्तात जास्त वेळ रेंगाळते. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात नकली रात्रपाळी करणाऱ्यांना फक्त दिवसा जेवू घातलं, तर त्यांची साखर बिघडली नाही. रात्री जेवलेल्यांची बिघडली. आणि चहा: त्यातल्या कॅफिनचा निम्मा भाग उतरायला पाचेक तास लागतात. पाचच्या चहाची किंमत दहाला कळते. लोक मेलाटोनिनच्या गोळ्यांविषयी विचारतात. डॉक्टरला विचारून घ्या. पण गोळी घेऊन कोणी सकाळी उन्हात तरवा काढायला जाणार असेल तर पैसे वाया.

माझा पुतण्या आता लोट्यातच आहे, दुसऱ्या एका कंपनीत. पाळ्या त्याच. मी सांगितलेलं त्यानं बरंच उचललं: सकाळी बसमध्ये काळा चष्मा, चार वाजता फेरी मारायच्या निमित्तानं प्लांटवर वीस मिनिटं चालणं, साडेआठला पडायचं ते दोनपर्यंत, आणि शेतावरचं काय असेल ते संध्याकाळी चारनंतर. चष्म्यावरून बसमध्ये त्याला हिरो म्हणतात. त्याचं त्याला काही नाही. अडलं ते गेल्या लावणीला. ती आली नेमकी नाईटच्या आठवड्यात, आणि पॉवर टिलर मिळत होता तो सकाळीच.

'काका, तुमीच सांगा बाबांना,' तो म्हणाला. 'माझं काय ऐकत नायत.'

मी गेलो. दादा पडवीत बसून टिलरवाल्याला फोन लावत होता. म्हटलं, पोराच्या जागी सकाळचा एक गडी लाव, पोरगा चारला येईल. दादानं फोन खाली ठेवला.

'पोरगा झोपावा म्हणून गडी लावायचा? आपल्या सात पिढ्यांत कोणी लावला नाय.'

वहिनी आतून म्हणाली, सात पिढ्यांत कोणी नाईट पण केली नाय. त्यावर त्याच्याकडे उत्तर नव्हतं. गडी लावला. मजुरी मात्र त्यानं माझ्याकडून घेतली.